फाट्यावर उतरल्यानंतर : एक प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातली कुठलीही पाणंद घ्या. फेब्रुवारीत ऊस तुटून गेलेला असतो. पलीकडची वस्ती, विहिरीवरचा माणूस, लांबून येणारी मोटारसायकल असं सगळं उभ्या जागेवरून दिसतं. ऑक्टोबरात त्याच पाणंदीची दोन्ही बाजूंनी उंच भिंती असलेली बोळ होते. नकाशात काहीच बदललेलं नसतं, पण शाळेतून परतणाऱ्या मुलीची चाल बदललेली असते. सार्वजनिक जागेत माणसाला सुरक्षित वाटावं म्हणून काय रचता येईल, हा प्रश्न विचारणारं शास्त्र बहुतांशी शहरांत वाढलं. शहरातली भिंत दरवर्षी कापून कारखान्याला जात नाही. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला म्हणूनच मी शिरूर-दौंडच्या वाटेने आत नेणार आहे. पुस्तकातली सूत्रं इथे लगेच तपासून निघतात.

सूत्रांची ओळख आधी करून घेऊ. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली न्यूयॉर्कच्या गल्ल्यांविषयी लिहिताना दाखवलं, की खिडकीतून, ओट्यावरून, दुकानातून सहज पडणारी माणसांची नजर रस्त्याची खरी राखण करते. १९७१ साली सी. रे जेफ्री यांनी परिसराच्या रचनेतून गुन्हे रोखण्याच्या विचाराला नाव दिलं. १९७२ साली ऑस्कर न्यूमन यांनी घरांच्या मांडणीकडे लक्ष वेधलं : समोरचं अंगण रहिवाशांना आपलं वाटलं, तर ते त्याची काळजी घेतात. न्यूमन वाचताना मात्र थोडं सावध राहा. ‘आपलं’ ठरवताना ‘परका’ही ठरतो, आणि गावाकडे परका कोण हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या गावांतून जाणारा नगर रस्ता सगळ्यांना सारखाच वाटतो, असं कोण म्हणेल? विजयस्तंभाच्या अभिवादनाला येणाऱ्या आंबेडकरी अनुयायाला बंदोबस्त, वाहनतळ आणि बसची सोय जेवढी लागते, तेवढाच वाटेतल्या गावाचा चेहराही लागतो.

या शास्त्राला दुसरं वळण बायकांनी दिलं. १९८९ साली टोरांटोत बायकांनी गटागटाने अंधारात फिरून आपापल्या भागाची तपासणी करायची पद्धत बसवली. दिल्लीत ‘जागोरी’ या संस्थेने ती इथल्या रस्त्यांवर आणली, आणि २०१३ मध्ये ‘सेफ्टीपिन’ या ॲपने ती मोबाइलवर नेली. दिवे, मोकळेपणा, नजर, वर्दळ, राखण, पायवाट, वाहनांची सोय, बायकांचा वावर आणि शेवटी ‘कसं वाटतं’, असे तिचे नऊ निकष आहेत. नववा निकष अभियंत्यांना ढिला वाटतो. मला तो या यादीतला सर्वांत कामाचा वाटतो.

‘वाटणं’ मोजायचं कशाला, असा आक्षेप तुम्हालाही भेटेल. गुन्ह्यांच्या सर्वेक्षणांत एक कोडं वारंवार समोर येतं : बायका आणि म्हातारी माणसं जास्त घाबरतात, पण नोंदलेल्या गुन्ह्यांत तरुण पुरुषच जास्त बळी पडलेले दिसतात. म्हणून एके काळी बायकांची भीती अवाजवी ठरवली गेली. उत्तर बरंचसं साधं आहे. बायकांवरचे अत्याचार नोंदले जात नाहीत, आणि ज्या वाटेची भीती असते त्या वाटेने त्या जातच नाहीत. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांच्या अभ्यासात दिल्ली विद्यापीठातल्या मुली सुरक्षित प्रवासासाठी कमी दर्जाचं कॉलेजही स्वीकारताना दिसतात. ही किंमत कुठल्याच ठाण्याच्या डायरीत चढत नाही. शिरूरच्या कॉलेजात प्रवेश मिळूनही गावातल्याच बारावीवर थांबलेली मुलगी गुन्ह्यांच्या तक्त्यात शून्य असते. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास तिला बारावीपर्यंत पोचवतो; मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीटही आहे. पण संध्याकाळची शेवटची गाडी फाट्यावर सोडून गेल्यावर वस्तीपर्यंतच्या वाटेला तिकीट नसतं आणि कुणी कंडक्टरही नसतो.

आता एक जड उदाहरण घेऊ. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या शिवशाही बसमध्ये फलटणला निघालेल्या तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. संशयिताला दोन-तीन दिवसांनी शिरूर तालुक्यातल्या गुनाटच्या शिवारातून पकडलं. ड्रोन आणि श्वानपथकं घेऊन पोलीस उसात शोधत होते, ते आपल्याला आठवत असेल. चर्चा पहारेकरी, कॅमेरे आणि भंगार गाड्यांवर झाली. आगारांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. ते हवंच होतं. पण रचनेच्या अभ्यासकाची नजर आणखी एका गोष्टीवर थांबायला हवी. तक्रारीनुसार, तुमची गाडी इथे नाही, तिकडे लागली आहे, असं सांगून तिला त्या बसकडे नेलं गेलं. आगार ओसाड नव्हतं, पोलीस ठाणंही हाकेच्या अंतरावर होतं. जेकब्जबाईंच्या हिशेबाने नजरा होत्या. खात्रीची माहिती मात्र नव्हती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे एखादा चालू फलक सांगत असता, तर अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबायची वेळच आली नसती. शिरूरच्या किंवा दौंडच्या स्टँडवर अर्धा तास बसा आणि ‘नगर गाडी कुठं लागते हो?’ हा प्रश्न कोण कोणाला विचारतं ते टिपा. सुरक्षिततेचा अर्धा अभ्यासक्रम तिथेच होतो.

रेल्वेच्या बाजूलाही असंच आहे. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनवर इंजिन फिरवावं लागायचं. तो वेळ वाचवायला कॉर्ड लाइन टाकली, आणि काही गाड्या आता मुख्य स्थानकाऐवजी त्या लाइनवरच्या स्थानकातच थांबतात. वेळापत्रकात ही बचत दिसते. रात्री तिथे उतरणाऱ्या बाईला त्या बचतीच्या बदल्यात गावापर्यंतचा रस्ता, रिक्षावाल्याचा भाव आणि घरच्या कुणाची तरी मोडलेली झोप मिळते. कुणाचाही वाईट हेतू नसताना असुरक्षितता अशी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवली जाते. या सरकवण्याचा हिशेब मांडायला शिकणं हे या शास्त्रातलं मला सर्वांत आवडतं काम आहे.

जागेइतकाच वेळही रचावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा, त्यांतल्या दोन लहान मुलांचा, बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, आणि ४ नोव्हेंबरला वनविभागाने बिबट्याला गोळी घातली. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालणारी माणसं देशभर छायाचित्रांत झळकली. शहरी वाचकाला ते विचित्र वाटलं असेल. माझ्या लेखी ते रचनेचं अपयश गळ्यात घालून फिरणं होतं. जुन्नर वनविभागात, ज्यात शिरूरही येतं, विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने जुनीच गोष्ट दाखवून दिली आहे : बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, की सोडलेल्या भागात हल्ले वाढू शकतात. गावकऱ्यांची मागणी मात्र नेमकी होती. शेतीपंपाला दिवसा वीज द्या. थ्री फेज रात्री येते म्हणून माणूस रात्री दारं धरायला जातो, आणि उभ्या उसात बिबट्याच्या वेळेत वाकून उभा राहतो. त्याची भीती कमी करायची चावी महावितरणच्या वेळापत्रकात आहे. दिवसा वीज द्यायची सौर कृषी वाहिनी योजना आपण ऊर्जेच्या खात्यात टाकतो. ती या पुस्तकातही बसते.

वेळ आवळून सुरक्षितता देण्याचा मोह कायद्यालाही झाला आहे. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ ने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला मनाई केली. पुढे वाहतूक आणि संरक्षणाच्या अटींवर ती सैल झाली. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत आज प्रश्न कंपनीच्या फाटकापाशी संपत नाही. कंपनीची बस जिथे सोडते तिथून खोलीपर्यंत तो चालतच राहतो. फाटकाआड सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे थोरही आहे. दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्याच केडगावात आसरा दिला, शेती, विणकाम, छपाई शिकवली. त्या काळात कुंपण हाच जीव वाचवण्याचा मार्ग होता. पण बाई फाटकाआड सुरक्षित आहे म्हणून रस्ता सुरक्षित झाला, असं होत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११ चं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईवरचं पुस्तक इथे वाचावंच. बाईला रस्त्यावर काहीतरी कारण सांगावं लागतं. निव्वळ रेंगाळायचा हक्क तिला नाही, असं त्या दाखवतात. दौंडच्या स्टेशनाबाहेर टपरीवर चहा घेत निवांत उभ्या असलेल्या बायका किती, हा मला कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा खरा मापदंड वाटतो.

बायकांना रस्त्यावर निर्धास्त ठेवणारी एक रचना दौंड तालुक्यातून दरवर्षी चालत जाते. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्काम करते, आणि घरी एरवी वेशीपर्यंत एकट्या न जाणाऱ्या बायका उघड्या माळावर राहुटीत झोपतात. दिंडीला क्रमांक असतो, चालण्याची जागा ठरलेली असते, विणेकरी ओळखीचा असतो. कोण मागे राहिलं ते कळतं. फिरती शौचालयं तर अलीकडे आली. वारीचं भक्तीने कौतुक पुष्कळ झालं. तिचा नकाशा, तिची मोजणी, तिची रात्रपाळी यांचा या शास्त्राच्या भाषेत अभ्यास मात्र थोडाच दिसतो. कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्यावा.

दिव्यांबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. दिवा बसवणं सोपं असतं, त्याचं उद्घाटनही होतं. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यात अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, आणि ती देणी वित्त आयोगाच्या निधीतून भागवायची की नाही यावर सरपंच आणि सरकार भांडत राहिले. तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि पथदिव्यांचं बिल कोणत्या खात्यातून जातं ते विचारा. बंद दिवा कुणाला कळवायचा, तो किती दिवसांत लागतो आणि शाळेच्या वाटेवरचा खांब कुणाच्या यादीत आहे, हेही विचारा. मिळालेली उत्तरं तारखेसह लिहून ठेवा; तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्याला ती लागतील.