असुरक्षित फंक्शनविषयीच्या वॉर्निंग

सी भाषेतील काही लायब्ररी फंक्शनना, आपण लिहितो तो बफर केवढा आहे, हे कळत नाही. ती वापरली की कंपायलर किंवा लिंकर देतो ती सूचना. गेट्स, स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, एसप्रिंटएफ ही त्यांतली नेहमीची नावे.

गेट्स सर्वांत धोक्याचे. ओळ संपेपर्यंत येईल ते ते लिहीत सुटते. दहा बाइटच्या बफरमध्ये रोमन लिपीत स्टेशनांची नावे टाइप केली, तर डोंबिवलीची आठ अक्षरे सहज बसतात. अंबरनाथची नऊ आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून लागणारा शेवटचा शून्य मिळून बफर काठोकाठ भरतो. उल्हासनगरला दहा अक्षरे लागतात, त्यामुळे शून्य शेजारच्या मेमरीत पडतो. प्रोग्राम बहुधा तरीही चालतो, म्हणूनच वॉर्निंग कोणी मनावर घेत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म फिंगर सेवेतल्या याच गेट्समधून यंत्रांत शिरला होता. २०११ च्या सी प्रमाणातून गेट्स वगळले गेले.

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत अनेकांची सीशी ओळख टर्बो सीवर झाली. तो जुना कंपायलर गेट्सबद्दल अवाक्षर काढत नाही. तोच प्रोग्राम लिनक्सवर जीसीसीने बांधला की लिंकर बजावतो: हे फंक्शन धोक्याचे आहे, वापरू नये. ही सूचना जीलिबसी लायब्ररीतच ठेवलेली असते, लिंकर ती फक्त वाचून दाखवतो. आपला बफर त्याने पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तो हजाराचा केला तरी वॉर्निंग जात नाही. २०२४ चा जीसीसी १४ तर आधीच अडतो, कारण हेडरमध्ये गेट्सचे डिक्लेरेशन उरलेले नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून स्ट्रकॉपी आणि स्कॅनएफलाही सी४९९६ ही वॉर्निंग देतो. तो सुचवतो ती 'एस' जोडलेली फंक्शन जीलिबसीत नाहीत. त्यामुळे ती वापरून घरी विंडोजवर चाललेला जर्नलचा प्रोग्राम लॅबमधल्या लिनक्सवर लिंक होत नाही. सबमिशनच्या घाईत फाइलच्या डोक्यावर वॉर्निंग बंद करणारा डिफाइन टाकला जातो. त्याने ओव्हरफ्लो जागच्या जागी राहतो.

गेट्सच्या जागी एफगेट्स वापरावे, बफरची लांबी द्यावी आणि शेवटचा न्यूलाइन स्वतः काढावा. एसप्रिंटएफऐवजी एसएनप्रिंटएफ घ्यावे. स्ट्रएनकॉपी मात्र फसवे आहे: मजकूर बफरएवढा किंवा मोठा असेल तर ते शेवटचा शून्य लिहीतच नाही. ओपनबीएसडीने १९९८ मध्ये आणलेले स्ट्रएलकॉपी त्याहून बरे. जीलिबसीत ते २०२३ मध्ये आले.

नावे देवनागरीत घ्यायची असतील तर हिशेब आणखी कडक होतो. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-अनुस्वारासकट, तीन बाइट लागतात. 'डोंबिवली'चे चोवीस होतात, 'ठाणे'चे बारा. दहाच्या बफरमध्ये एफगेट्स नऊ बाइट घेऊन थांबते: 'ठाण' हाती येते आणि मात्रा पुढच्या वाचनात उगवते. वाचलेल्या ओळीत न्यूलाइन सापडला नाही, तर ओळ अपुरी समजून उरलेली वाचून घ्यावी.