नाणेघाटाची घळ

सांदण दरीला जायचं जवळजवळ ठरलं होतं. पण तिथे दोर लावून उतरावं लागतं असं कळलं, तेव्हा पावसहून मुंबईला आलेली आई म्हणाली, "मला चढायचं ते पायांनी. दोराला लटकणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." मग नाणेघाट ठरला. तिचं वय तेव्हा ६४.

मुरबाडच्या पुढे, वैशाखरे गावापलीकडे वाट सुटते. आधी रान, मग खडी चढण आणि शेवटी दोन कड्यांमधली अरुंद घळ. वाटेत तीनदा बसलो. चौथ्यांदा ती बसली, तेव्हा खरं सांगतो, मागे फिरावं असं मनात आलं. तसं म्हणालो तर उत्तर आलं, "माझ्या आजोबांचे बैल मीठ घेऊन अणुस्कुऱ्याचा घाट चढायचे. त्यांना कोण परत फिर म्हणायचं?"

घाट असतात ते अशा बैलांसाठीच. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. तीही मंडळी इथूनच धापा टाकत वर गेली असतील!

घाटमाथ्याच्या थोडं खाली लेणं आहे. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ साली ते पाहिलं. दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. सातकर्णीची राणी नागनिका हिचा तो मानतात. त्यात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आहेत, दक्षिणेत दिलेल्या गाई आहेत, कार्षापण नाणी आहेत. हिशेब आकड्यांत मांडलेला, त्यामुळे आपल्या अंकांची फार जुनी रूपं इथे सापडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता वर नावं तेवढी उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

नागनिकेचं नाव कुठलं ते आईनं विचारून घेतलं. "नवरा गेल्यावर हिनंच राज्य सांभाळलं का?"

"मुलं लहान होती, म्हणून तिनंच कारभार पाहिला असं पुष्कळ अभ्यासक मानतात," मी म्हणालो.

ती बराच वेळ त्या खुणांकडे पाहत राहिली. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

वर पठारावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. आईला ते मुळीच पटलं नाही. "उघड्यावर पैसे कोण ठेवील? चढून आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं."

मग तिनं माझ्याकडची बाटली मागून घेतली.