शाळेतील पंगत

स्मरणिकेसाठी लिहावयास सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि सारा काळ स्वयंपाकघरात गेलेला. तेव्हा जेवणाविषयीच लिहिते. मात्र घरच्या नव्हे, शाळेतल्या.

मद्रास शहरात १९२० साली तेथील महापालिकेने आपल्या एका शाळेत मुलांना खाणे देण्याचे ठरविले. खर्च दर मुलामागे दिवसाला एक आण्याच्या आत ठेवायचा होता. पुढे १९५६ साली मुख्यमंत्री कामराज यांनी ही सोय राज्यातील शाळांत नेली. उपाशी मूल शाळेत येत नाही, आले तरी त्याचे लक्ष पाटीवर राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारने देशासाठी योजना आणली. आपल्याकडे आरंभी हजेरी पाहून महिन्याला ३ किलो तांदूळ मिळे. माझा धाकटा भाऊ ती पिशवी मोठ्या ऐटीत घरी आणी. आई भात रांधी आणि तो सात ताटांत वाटला जाई. यात आईचा काय दोष? पण मुलाचा घास मुलाच्याच पोटी जाईल याची खात्री नव्हती.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न शाळेतच देण्याचा आदेश दिला आणि खिचडीचे पातेले शाळेत आले. २००४ साली त्याच न्यायालयाने स्वयंपाकाच्या कामी दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. पोटाबरोबर मनाचाही विचार झाला तो असा.

नुसत्या भाताने पोट भरते, अंग भरत नाही. म्हणून पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे माप आहे. त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा हेतू. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. जे खात नाहीत त्यांना केळे. ही तोड मला फार आवडली. एकाच्या घरची रीत मोडली नाही आणि दुसऱ्याचे अंडे हिरावले नाही. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांचा खर्च देणे थांबविले. द्यावयाचे तर लोकवर्गणीतून द्यावे, असे ठरले.

आपण भिशी काढतो, हळदीकुंकू करतो. घरातल्या मुलाच्या वाढदिवशी शाळेत एक टोपली अंडी व एक फणी केळी नेणे आपल्याला जड नाही. मात्र टोपली एकाच पंगतीत फिरावी. कोणी काय उचलले यावरून त्याचे घर कोणते, हे कोणी विचारू नये. घरी आपण एकाला तिखट, दुसऱ्याला अळणी वाढतोच ना? पण पाट वेगळे मांडीत नाही.