तळटीप : मामा तलावातील संकरित मासा

१. लेखकाने येथे ‘कतला’ म्हणून वर्णिलेल्या माशाचे डोके लहान व ओठ झालरदार आहेत. खऱ्या कतल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. झालरदार ओठ रोहूचे. म्हणजे हा बहुधा दोन वेगळ्या जातींचा संकर असावा. भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी (मामा) तलावांत कतला-रोहूसारखी मासळी साचलेल्या पाण्यात सहसा अंडी देत नाही. तिला पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था मत्स्यबीज विकत आणून सोडतात. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रेरित प्रजनन साधले, तेव्हापासून बीजाचा तुटवडा कमी झाला. पण अशा प्रजननासाठी एकाच टाकीत अनेक जातींच्या नर-माद्या सोडल्या की संकर आपोआप होतो आणि मत्स्यजिऱ्याच्या अवस्थेत तो डोळ्यांना ओळखू येत नाही.

डोके लहान म्हणजे मांस जास्त, मग बिघडले कुठे, असा आक्षेप घेतला जातो. विक्रीपुरता तो खरा आहे. मात्र हा संकर खेचरासारखा वांझ नसतो. तो उद्या प्रजनक म्हणून निवडला गेला, तर पुढच्या प्रत्येक पिढीत दोन्ही जाती पुसट होत जातात. कतला पृष्ठभागावर, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. मिश्र मत्स्यशेतीचे सारे गणित याच वाटणीवर उभे आहे. तलावात हा संकर अंडी देणार नाही, हेही आश्वासन अपुरे आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून निसटलेल्या माशाला वैनगंगेत वाहते पाणी मिळतेच.