लहरींचा बंदोबस्त

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे मौजे म्हातोबाच्या स्थानामुळे आणि चैत्री पौर्णिमेस तेथून वाकडकडे निघणाऱ्या बगाडामुळे पंचक्रोशीत पूर्वापार विख्यात होते. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने त्याच शिवारात राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाची आखणी केली, आणि आज तेथील कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास सहस्रावधी भ्रमणध्वनी मोजक्या मनोऱ्यांपाशी बोलण्याची मुभा मागू लागतात. मनोऱ्याने सर्वांशी बोलणे सुलभ, कारण बोलणारा एकच. सर्वांनी मनोऱ्याशी बोलणे मात्र बिकट, कारण एकाच लहरीवर एकाच क्षणी दोन संदेश निघाले की बहुधा दोन्ही निकामी होतात, आणि पाठविणाऱ्यांना एकमेकांची चाहूलही लागत नाही.

या आपत्तीच्या निवारणाचे एक जुने प्रकरण पुणे जिल्ह्यातच घडले. 1927 साली इंग्लंडशी बिनतारी तारांची देवघेव सुरू झाली, तेव्हा प्रेषणाचे केंद्र खडकीस आणि ग्रहणाचे केंद्र सुमारे पाऊणशे किलोमीटरवरील दौंडास ठेवण्यात आले; कारण समुद्रापारहून येणारा क्षीण संकेत ऐकावयाचा, तर आपलाच प्रबळ प्रेषक कानाशी असता कामा नये. बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या जागा दूर ठेवाव्यात आणि प्रत्येक केंद्राला आपापली लहर परवान्याने नेमून द्यावी, अशी ती सरकारी शिस्त होती. 1971 साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उभारलेले, विक्रम साराभाईंच्या नावाने ओळखले जाणारे उपग्रह-केंद्रही याच परंपरेतले. तेथून उपग्रहाकडे जाणाऱ्या लहरी वेगळ्या, येणाऱ्या वेगळ्या आणि प्रत्येक देशाच्या केंद्राचा वाटा पूर्वनिश्चित. मूठभर केंद्रे अष्टौप्रहर कामात असतील, तर ही वाटणी निर्दोष म्हणावी लागेल. पण जेथे मागणारे असंख्य आणि प्रत्येकाचे बोलणे क्षणभराचे, तेथे वाटून दिलेला हिस्सा बहुतेक काळ पडीकच राहावयाचा.

नवलाची गोष्ट अशी की, त्याच 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिस्तीच्या नेमके उलट पाऊल टाकले. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रांना मध्यवर्ती संगणकाकडे संदेश धाडण्यासाठी त्यांनी एकच सामाईक लहर दिली आणि ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा त्याने बोलावे, अशी मोकळीक ठेवली. पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजून यदृच्छेने ठरलेल्या विलंबानंतर पुन्हा पाठवावे, एवढाच दंडक. या योजनेचे खरे मर्म त्या विलंबाच्या अनियमिततेत आहे. आदळलेल्या दोघांनीही सारखाच वेळ थांबावयाचे ठरविले, तर ते पुन्हा त्याच क्षणी आदळणार; समान न्यायच येथे अनर्थाला कारण होतो. अर्थात या स्वातंत्र्याची किंमत जबर होती, कारण गणिताप्रमाणे लहरीच्या क्षमतेपैकी फार तर 18 टक्के पदरात पडत असे. पुढील वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे समान तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलण्याचे बंधन सुचविले आणि ही मर्यादा दुप्पट, म्हणजे सुमारे 37 टक्के झाली.

भ्रमणध्वनीने या दोन्ही संप्रदायांचा मोठ्या चतुराईने समेट घडविला. यदृच्छा फक्त देवडीवर. एकदा आत प्रवेश मिळाला की प्रत्येक क्षण आणि प्रत्येक लहर मनोऱ्याच्या हुकमाने नेमलेली. चौथ्या पिढीच्या जाळ्यात हाक मारण्यासाठी मनोऱ्यापाशी चौसष्ट संकेत असतात आणि फोन त्यांतला एक चिठ्ठी टाकल्यासारखा उचलतो. दोघांनी एकच उचलला, तर मनोरा एकच उत्तर देतो, दोघेही ते आपलेच समजून आपली ओळख कळवितात, आणि मनोरा ज्याचे नाव उच्चारील तो आत जातो. दुसरा निमूटपणे माघार घेऊन पुन्हा चिठ्ठी उचलतो. चालत्या वाहनातून एका मनोऱ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरणाऱ्याचे संभाषण तुटू नये म्हणून काही संकेत सोडतीबाहेर राखून ठेवता येतात, आणि मनोरा ते ज्याचे त्याला नेमून देतो. हिंजवडी ते वाकड हा जवळचाच प्रवास तासभर करणाऱ्यांना ही सवलत किती उपयोगी पडते, हा प्रश्न मात्र वेगळ्या खात्याचा आहे.

गर्दी अनावर झाली, तर हाक मारण्यापूर्वीच चाळणी लावण्याची तजवीज आहे. मनोरा एक प्रमाण जाहीर करतो. प्रत्येक फोन मनाशी एक आकडा काढतो आणि तो त्या प्रमाणात बसला नाही, तर काही काळ तोंडच उघडत नाही. सामान्य ग्राहकांचे दहा वर्ग सिमकार्डावरच नोंदलेले असतात. त्यांच्या वर सुरक्षा-यंत्रणा, लोकोपयोगी सेवा आणि आपत्कालीन सेवा यांचे वर्ग असून, इतरांना अडविले असतानाही त्यांना वाट मोकळी ठेवता येते. वतने आणि मानपान निकालात निघाल्याची ग्वाही देणाऱ्या या नव्या व्यवस्थेत मानकऱ्यांची यादी अशी कार्डाच्या पोटात शिल्लक आहे. पण आग विझविणाऱ्याची हाक आधी पोचावी, यात वतनदारी शोधणे हा इतिहासलेखकाचा आगाऊपणाच होय.