हनुमानासन: जमलं, पण टिकवायचं कसं?

स्प्लिट जमला, तर तो टिकवायला स्ट्रेचिंग किती वेळा करायचं? ह्याचं उत्तर मला पुण्याच्या इतिहासात सापडलं.

स्प्लिट म्हणजे आपलं हनुमानासन. म्हैसूरला गुरू कृष्णमाचार्यांनी पोरसवदा बी. के. एस. अय्यंगारांना ते आधी न शिकवताच लोकांसमोर करायला लावलं. त्यांनी केलं, पण मांडीमागचा स्नायू फाटला. बरं व्हायला बराच काळ गेला. 1937 मध्ये, अठराव्या वर्षी, ते सहा महिन्यांसाठी डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले आणि पुण्याचेच झाले. 1966 मध्ये ‘लाइट ऑन योगा’ आलं, 1975 मध्ये संस्था उभी राहिली. 1979 मध्ये मात्र स्कूटरचे दोन अपघात झाले आणि साठीतल्या ह्या जगप्रसिद्ध गुरूला पुन्हा नवशिक्यासारखी सुरुवात करावी लागली. नव्वदीतही त्यांचा सराव चालूच होता.

आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, लवचिकता रॅममध्ये राहते. वीज चालू ठेवावी लागते. आठवड्यातून तीन-चार दिवस, अंग गरम करून, थोडं थोडं करा. मध्ये खाडा पडला, तर पहिल्याच दिवशी जुन्या मापाचा हट्ट नको. घाईची किंमत अय्यंगारांनी पोरवयातच मोजली होती.

भेटू पुढच्या भागात!