वाजते, पण उतरत नाही



गेल्या दिवाळीत सूसच्या घरी माळा आवरताना आजीची सीडी हाती लागली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आत्याने १९८९ साली कॅसेटवर घेतल्या होत्या. २००४ मध्ये एका दुकानातून त्यांची सीडी करून घेतली. कॅसेटला पुढे बुरशी आली, त्यामुळे आता ही एकच प्रत.

आमच्या मुळशीत ओव्या जमवायचं मोठं काम झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून त्या लिहून घेतल्या, १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं, आणि २०१७ पासून 'पारी'वर त्या ऐकता येतात. पण आजीपर्यंत त्यातलं कुणी पोचलं नव्हतं. तिचा आवाज या चकतीवरच.

टेक्सासच्या चुलतबहिणीने फाइल मागितली. म्हटलं, पाच मिनिटांचं काम! जुना एक्सपीवाला डेस्कटॉप काढला, सीडी घातली, रिप करायला लावली. दुसऱ्या ओवीलाच घरघर सुरू, पडदा गोठलेला. सीडीच गेली असं वाटून पोटात गोळा आला. पण सीडी प्लेयरमध्ये मात्र छान वाजत होती. मग विकतची भावगीतांची कोरी करकरीत सीडी घालून पाहिली, तीही अडकली. फोटोंची सीडी मात्र हळूहळू का होईना, पूर्ण उतरली. म्हणजे दुखणं ड्राइव्हकडे. लेन्स पुसली, केबल बदलली, फरक शून्य.

याचं मूळ थेट १९८० मध्ये सापडतं. फिलिप्स आणि सोनीने ठरवलेली ऑडिओ सीडी ही ऐकण्यासाठी होती. घरातला कॉम्प्युटर ती वाचेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सेकंदाला ७५ तुकडे, प्रत्येकी २३५२ बाइट, सगळे आवाजाचे. डेटा सीडी नंतर आली, तिने त्याच तुकड्यात २०४८ बाइट माहिती ठेवली आणि उरलेले ३०४ बाइट खूण, पत्ता आणि चुकांची दुरुस्ती यासाठी राखले. त्यामुळे डेटा वाचताना ड्राइव्ह थांबला तरी पुन्हा नेमका त्याच जागी येतो. ऑडिओच्या तुकड्याला असा पक्का पत्ता नाही. थांबला की थोडं मागेपुढे होतंच.

आणि आमचा ड्राइव्ह सारखा थांबत होता! एक्सपीची एक खोड आहे. ड्राइव्हकडून वारंवार चुका आल्या की ते डीएमए सोडून गुपचूप पीआयओ मोडवर जातं, मग एकेक बाइट प्रोसेसरला वाहावा लागतो. ड्राइव्ह सुधारला तरी मोड परत येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनेल काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि घरघर थांबली. (यात माझे दोन रविवार गेले. बायकोचं मत इथे लिहीत नाही.)

रिपिंगसाठी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' वापरलं. आंद्रे विएथॉफ यांचा हा १९९० च्या दशकातला प्रोग्रॅम शंका आली की तोच भाग पुन्हापुन्हा वाचून ताडून पाहतो. वेग कमी ठेवला. रात्रभरात अकरा ओव्या उतरल्या, दहा निर्दोष. अकरावीत एका जागी त्याने हात टेकले.

तिथे कान देऊन ऐकलं तर बारीक टिक्, आणि शब्द अर्धा. पण प्लेयरवर तर कधी खटकलं नव्हतं! प्लेयरची तशी रीतच आहे म्हणा. नमुना वाचता आला नाही की शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणजे आजीचा तो शब्द आम्ही इतकी वर्षं थोडा प्लेयरचा ऐकत होतो.

आत्याला फोन लावला. पहिला चरण मी सांगायच्या आतच तिने पूर्ण ओवी म्हटली, आजीच्याच चालीत. मी रेकॉर्डिंग सुरू करायला विसरलो. या रविवारी तिच्याकडे जातोय, बरोबर फोनचा चार्जरही घेतलाय.